शाळेच्या विस्कळीत ग्रंथालयात पुस्तक कसं शोधायचं आणि ते ग्रंथालय मार्गी कसं लावायचं

महाराष्ट्रातल्या कित्येक माध्यमिक शाळांत ग्रंथालय म्हणजे चार-सहा लोखंडी कपाटं, एक लांब टेबल आणि दाराला कुलूप. पुस्तकं हजार-दीड हजार असतात, त्यांत चांगलीही पुष्कळ असतात. पण मागायला गेलं की उत्तर मिळतं, "आहे कुठेतरी, शोधावं लागेल." ते शोधायची तयारी असलेल्या विद्यार्थ्यांसाठी हा लेख आहे. सातवी ते बारावीतल्या कोणालाही यातलं सगळं काम जमण्यासारखं आहे. आहे त्या पसाऱ्यातून हवं ते पुस्तक कसं काढायचं ते आधी पाहू, मग चार-सहा जणांनी मिळून तो पसारा कसा आवरायचा ते.

विषयवार रचणं आणि रंगीत चिठ्ठ्या लावणं हे शेवटचं काम आहे, एवढं सुरुवातीलाच लक्षात घ्या. आधी दाखल नोंदवही (शाळेत आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमांक देऊन जिच्यात चढवतात ती वही) आणि कपाट यांचा मेळ बसला पाहिजे. तो न घालता कितीही देखणं लावलेलं ग्रंथालय दोन महिन्यांत होतं तसं होतं.

पसारा होतो कसा

लहान शाळांत ग्रंथपालाचं पद अर्धवेळ असतं किंवा नसतंच. मग एखाद्या मराठीच्या किंवा चित्रकलेच्या शिक्षकांकडे ग्रंथालय "अतिरिक्त कार्यभार" म्हणून येतं. ते आपले तास घेतील, पेपर तपासतील, की फळ्या लावतील? त्यात पुस्तकं हरवली तर पडताळणीच्या वेळी जबाब त्यांनाच द्यावा लागतो. म्हणून कुलूप. ते कुलूप तुमच्याविरुद्ध नाही, हे समजून घेतलंत तर पुढचं बोलणं सोपं जातं. शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावं आणि त्यात वर्तमानपत्रं, मासिकं, सर्व विषयांची पुस्तकं आणि गोष्टींची पुस्तकंही असावीत असं स्पष्ट लिहिलं आहे. हे माहीत असू द्या, पण वाद घालायला वापरू नका. सरांच्या मनातली भीती कमी केलीत की कुलूप आपोआप उघडतं.

दुसरं कारण खोलीचं. परीक्षा केंद्र आलं, निवडणुकीचं साहित्य आलं, पोषण आहाराची पोती आली की पहिली रिकामी होते ती ग्रंथालयाची खोली. पुस्तकं गठ्ठे बांधून हलवली जातात आणि परत येताना जागा दिसेल तिथे बसतात.

आजच पुस्तक हवं असेल तर

फळ्यांवर नजर फिरवत बसू नका. आधी दाखल नोंदवही मागा. जाड, आडव्या पानांची ही वही प्रत्येक शाळेत असते. तारीख, दाखल क्रमांक, लेखक, पुस्तकाचं नाव, प्रकाशक, वर्ष, पानं, किंमत, बिल क्रमांक आणि शेवटी शेरा असे साधारण तिचे रकाने. सरांसमोर बसून पाहा, पेन हातात घेऊ नका.

नोंदवही विषयवार नसते, खरेदीच्या क्रमाने असते, आणि इथेच तिचा खरा उपयोग आहे. एका बिलावर आलेली पुस्तकं लागोपाठच्या क्रमांकांवर चढतात आणि पुष्कळदा कपाटातही एकाच गठ्ठ्यात पडून राहतात. तुम्हाला हवं ते पुस्तक ७४२ क्रमांकाचं असेल, तर ७३० ते ७५० यांपैकी कोणतंही एक पुस्तक सापडू द्या. त्याच्या आजूबाजूला, त्याच्या मागच्या रांगेत, त्याच फळीवर आधी शोधा. पसाऱ्यात इतकी भरवशाची दुसरी खूण नाही.

दाखल क्रमांक पुस्तकावर तीन ठिकाणी सापडू शकतो: कण्यावरच्या चिठ्ठीवर, शीर्षकपानाच्या शिक्क्याजवळ आणि आत एका ठरलेल्या पानावर. कणा फाटला आणि पहिली पानं गेली तरी क्रमांक राहावा म्हणून बऱ्याच शाळा सतराव्या, पंचविसाव्या अशा एखाद्या पानावर शिक्का मारून तो पुन्हा लिहितात. दोन-तीन धड पुस्तकं चाळलीत की तुमच्या शाळेचं पान कळेल. मग बिनकव्हराचं पुस्तकही ओळखता येतं.

एकच क्रमांक दोन पुस्तकांवर दिसला तर गोंधळू नका. मराठी, हिंदी, इंग्रजी अशा वेगळ्या नोंदवह्या असतील किंवा सरकारी योजनेतून आलेल्या पुस्तकांची वही वेगळी असेल. क्रमांकाआधी "म", "हिं", "इं" असं अक्षर आहे का पाहा.

कपाटात नाहीच मिळालं तर या जागा बघा: कपाटातली मागची रांग, कपाटाच्या डोक्यावरचे सुतळीने बांधलेले गठ्ठे, मुख्याध्यापकांच्या दालनातलं काचेचं कपाट (शब्दकोश आणि भारी ग्रंथ बहुतेक तिथेच असतात), प्रयोगशाळा, शिक्षक खोली, आणि वर्गांना दिलेल्या पुस्तकपेट्या. शिपाईमामांना जरूर विचारा. सामान हलवणारा माणूस तोच असतो, म्हणून कोणता गठ्ठा कुठे गेला हे त्यांना नोंदवहीपेक्षा नीट ठाऊक असतं.

मराठी विश्वकोशाचा नेमका हवा तो खंड गायब असेल तर वेळ घालवू नका. त्याचे वीसही खंड इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतात.

परवानगी: अर्जात काय लिहायचं

आता मोठं काम. सहा जण पुरे. दहा झाले की निम्मे वाचत बसतात आणि उरलेल्यांना जागा मिळत नाही. वेळ शनिवारची घ्या, सकाळची शाळा सुटल्यावर एक तास. अर्ज वर्गशिक्षकांमार्फत मुख्याध्यापकांना द्या. मजकूर थोडा पण नेमका हवा:

"आम्ही इयत्ता नववीचे सहा विद्यार्थी दर शनिवारी शाळा सुटल्यावर एक तास ग्रंथालयातील पुस्तके पुसण्याचे व दाखल नोंदवहीशी ताडून पाहण्याचे काम करू इच्छितो. एकही पुस्तक खोलीबाहेर नेणार नाही, टाकून देणार नाही. नोंदवहीत काही लिहिणार नाही. पहिल्या महिन्यात फक्त एका कपाटाचे काम करू व यादी आपणांस दाखवू. तरी परवानगी मिळावी, ही विनंती."

यातलं प्रत्येक वाक्य कामाचं आहे. "टाकून देणार नाही" हे तर हवंच. शाळेचं पुस्तक कितीही जीर्ण झालं तरी ते नोंदवहीतून कमी करण्याची रीत ठरलेली असते: यादी, मंजुरी, मग निर्लेखन. विद्यार्थ्याने रद्दीत टाकलेलं एक पुस्तक पुढे सरांच्या नावावर "गहाळ" म्हणून लागतं. आणि "फक्त एका कपाटाचे" हे वाक्य परवानगी मिळवून देतं, कारण सगळी खोली उलथीपालथी होणार नाही याची त्यात हमी आहे.

सामान

हजार पुस्तकांसाठी एवढं पुरतं: सुती फडक्याचे दहा-बारा तुकडे, रंग द्यायचे दोन इंची मऊ ब्रश चार, प्रत्येकाला नाक-तोंड झाकणारा मास्क, किराणा दुकानातून मागून आणलेली आठ-दहा खोकी, शिसपेन्सिली, कोऱ्या कागदांचा अर्धा रीम, फूटपट्टी, कात्री, पाव किलो फेविकॉल आणि एक काळं पक्क्या शाईचं पेन. ओलं फडकं, फिनेल आणि सेलोटेप ग्रंथालयात आणूच नका.

पुसणं, आणि पुसताना काय दिसतं

एका वेळी एकच फळी उतरवा. उत्साहात सगळी कपाटं रिकामी करणं ही या कामातली सर्वांत महागात पडणारी चूक आहे. तासाभरात घंटा होते, पुस्तकं जमिनीवर, आणि सोमवारी त्या खोलीत दुसराच कार्यक्रम असतो.

पुस्तक मिटलेलंच घट्ट धरा. वरच्या कडेवर सर्वांत जास्त धूळ असते. ब्रश कण्याकडून बाहेरच्या बाजूला फिरवा, नाहीतर धूळ शिवणीत जाते. मग पुठ्ठे कोरड्या फडक्याने पुसा. दोन पुस्तकं एकमेकांवर आपटून धूळ झाडू नका, शिवण सुटते. खिडकी उघडी ठेवा आणि पंखा बंद. दम्याचा त्रास असलेल्याला यादी लिहायला बसवा, तेही दारापाशी.

पुसताना चार गोष्टींकडे लक्ष ठेवा.

वाळवी: फळीवर, भिंतीवर किंवा पुस्तकाच्या कडेने मातीची बारीक नळी दिसते. दिसली की तिथेच थांबा आणि सरांना बोलवा. औषध मारणं हे मोठ्यांचं, शक्यतो जाणकाराचं काम आहे. शेजारच्या फळ्यांची पुस्तकं तपासून भिंतीपासून लांब ठेवा. लोखंडी कपाटालाही वाळवी लागते, कारण ती भिंतीवरून चढून मागच्या भोकातून आत शिरते. म्हणून कपाट भिंतीपासून वीतभर पुढे हवं.

कसर: चंदेरी, चपळ किडा. पुठ्ठ्याची खळ आणि चकचकीत कागद खातो. अंधार आणि दमट हवा त्याला मानवते. फळी रिकामी करून कोरडी पुसली आणि पुस्तकं महिन्यातून एकदा हलवली की तो कमी होतो. कडुनिंबाचा वाळलेला पाला किंवा वेखंडाची पुरचुंडी ठेवायची जुनी पद्धत आहे, तिने नुकसान काही नाही. मात्र पाला पूर्ण वाळलेला हवा, नाहीतर तोच ओल धरतो. डांबरगोळ्या बंद खोलीत मुलांनी वापरू नयेत, त्यांचा वास आरोग्याला चांगला नाही.

बुरशी: हिरवट किंवा पांढरी लव आणि कुबट वास. अशी पुस्तकं लगेच वेगळ्या खोक्यात काढा. प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका, आत ओल कोंडते. सावलीत, वाऱ्यावर, पानं किंचित उघडी ठेवून उभी करा आणि पूर्ण वाळल्यावरच खोलीबाहेर नेऊन लव झाडा. कडक उन्हात ठेवलं तर पुठ्ठा वाकतो आणि कागद पिवळा पडतो. कोकणात आणि घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर बाहेरच्या भिंतीला लागून पुस्तकं ठेवूच नयेत.

उंदीर: लेंड्या दिसल्या तर हाताने झाडू नका, मामांना सांगा.

पुसून झालेली पुस्तकं तीन खोक्यांत जातात: धड, दुरुस्तीची, आणि सरांना दाखवायची. तिसऱ्या खोक्यात अर्धी फाटलेली, क्रमांक नसलेली, दुसऱ्या शाळेचा शिक्का असलेली अशी सगळी. जुनी पाठ्यपुस्तकं, गाइडं आणि उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बाजूला काढलेत की कपाटात अचानक जागा दिसू लागते. बहुतेक शाळांत खरी अडचण पुस्तकांच्या संख्येची नसून याच भरतीची असते. पण बदललेल्या अभ्यासक्रमाच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकाची एक प्रत ठेवावी असं सरांना जरूर सुचवा. आपल्या आईवडिलांच्या वर्गात काय शिकवलं जात होतं, हे नंतर दुसरीकडे सहज पाहायला मिळत नाही.

जुळणी: शंभराचे तक्ते

हे कामाचं हृदय आहे, इथे घाई करू नका.

एका कोऱ्या कागदावर दहा गुणिले दहा चौकटी आखा आणि त्यांत १ ते १०० आकडे लिहा. दुसऱ्या कागदावर १०१ ते २००. नोंदवहीत शेवटचा क्रमांक १२३८ असेल तर तेरा कागद लागतील. वेगवेगळ्या नोंदवह्या असतील तर प्रत्येकीचे तक्ते वेगळे, वर ठळक अक्षरात "मराठी", "हिंदी" लिहिलेले.

तिघांची एक तुकडी करा. पहिला पुस्तक उघडून क्रमांक आणि नाव मोठ्याने वाचतो. दुसरा नोंदवहीत त्या क्रमांकापुढे तेच नाव आहे का ते पाहतो. तिसरा तक्त्यावर आकड्यावर पेन्सिलीने तिरकी रेघ मारतो. क्रमांक जुळला पण नाव जुळलं नाही तर रेघ मारायची नाही, आकड्याभोवती गोल करायचा आणि पुस्तक तिसऱ्या खोक्यात टाकायचं. हात बसला की तासाभरात शंभर पुस्तकं सहज होतात, पहिल्या शनिवारी चाळीस-पन्नास झाली तरी चालेल.

सगळी कपाटं झाली की जे आकडे बिनरेघेचे उरले ती पुस्तकं हरवलेली आहेत असं लगेच म्हणू नका. त्यांतली काही देवघेव नोंदवहीत कोणाच्या तरी नावावर असतात, काहींच्या शेऱ्यात "निर्लेखित" लिहिलेलं असतं, काही मुख्याध्यापकांच्या कपाटात असतात. हे सगळं वजा करून जी यादी उरते ती सरांकडे द्या. सरांना अनेक वर्षं हवी असते ती हीच यादी, आणि ती हातात पडली की पुढच्या कामाला ते स्वतःहून वेळ देतात.

क्रमांक नसलेल्या पुस्तकांना रिकामे आकडे देण्याचा मोह होतो. देऊ नका. रिकामा क्रमांक दुसऱ्या एका पुस्तकाचा आहे, ते नसलं तरीही. बिनक्रमांकाच्या पुस्तकांची वेगळी यादी करा, ती नोंदवहीच्या शेवटी नव्या क्रमांकाने चढवायची की नाही ते सर ठरवतील.

यादी करताना जुन्या पुस्तकांवर प्रकाशनवर्ष शके म्हणून छापलेलं आढळेल. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, जानेवारीपासून पुढच्या चैत्रापर्यंतच्या तारखेला ७९. शके १८८० म्हणजे १९५८-५९. हे न कळल्यामुळे कित्येक याद्यांत १८८० सालची मराठी पुस्तकं सापडतात!

मांडणी: किती विभाग करायचे

जगभरच्या ग्रंथालयांत अमेरिकन ग्रंथपाल मेल्विल ड्युई यांची १८७६ मधली दशांश पद्धत चालते, तिच्यात प्रत्येक विषयाला एक आकडा (वर्गांक) असतो: ५०० विज्ञान, ५१० गणित, ५२० खगोल, ५९० प्राणी, ७९६ खेळ, ९२० चरित्रं, ९५४ भारताचा इतिहास. तुमच्या पुस्तकांवर असे वर्गांक आधीच लिहिलेले असतील तर ते काढू नका, पहिल्या तीन आकड्यांप्रमाणे लावा. पण काहीच नसेल तर नव्याने ड्युई सुरू करू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. मराठी शाळेतली निम्म्याहून जास्त पुस्तकं कथा-कादंबऱ्यांची असतात आणि त्या सगळ्यांवर ८९१.४६३ हाच आकडा येतो. एवढी मेहनत करून निम्मी कपाटं एकाच आकड्याची होणार असतील तर सहावीतल्या मुलाला त्याचा काय उपयोग?

त्याऐवजी साधे विभाग करा: कथा-कादंबरी, कविता, नाटक, चरित्र-आत्मचरित्र, विज्ञान-गणित, इतिहास-भूगोल, आपला जिल्हा, कला-खेळ-छंद, हिंदी, इंग्रजी, छोट्यांची पुस्तकं, संदर्भ. बाराच्या वर जाऊ नका. "आपला जिल्हा" हा विभाग आवर्जून ठेवा. गावाची यात्रा, स्थानिक किल्ला, जवळची नदी, जिल्ह्यातले स्वातंत्र्यसैनिक यांवरच्या पुस्तिका नेहमी इतर पुस्तकांत दबून जातात आणि प्रकल्पाच्या वेळी सर्वांत जास्त त्याच शोधल्या जातात.

एखादं पुस्तक दोन विभागांत बसेल. शास्त्रज्ञाचं चरित्र विज्ञानात की चरित्रात? कोणताही निर्णय घ्या, पण तो एका वहीत लिहून ठेवा: "शास्त्रज्ञांची चरित्रं – चरित्र विभागात." ही "नियमांची वही" दोन-तीन पानांचीच होते, पण तिच्याशिवाय दर शनिवारी तोच वाद नव्याने होतो. ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांतलं चौथं आहे, "वाचकाचा वेळ वाचवा." विभाग ठरवताना अडलात तर याच एका कसोटीवर निकाल लावा.

फळ्यांची वाटणी अशी: छोट्यांची पुस्तकं कमरेच्या खाली, जड संदर्भग्रंथ कमरेच्या उंचीवर, जादा प्रती सर्वांत वर. सर्वांत खालची फळी जमिनीपासून वीतभर वर नसेल तर ती रिकामी सोडा. प्रत्येक फळीचा चौथा हिस्सा मोकळा ठेवा, नाहीतर परत आलेलं पहिलंच पुस्तक आडवं ठेवावं लागतं आणि तिथून पसारा पुन्हा सुरू होतो. रांग पडू नये म्हणून शेवटी वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वीट उभी करा. पुस्तकं इतकी दाटू नका की बोट शिरणार नाही. काढताना कण्याच्या वरच्या टोकाला ओढायचं नाही. शेजारची दोन्ही पुस्तकं किंचित आत ढकलून मधलं पोटाला धरून काढायचं.

सोळा-चोवीस पानी पुस्तिकांना कणाच नसतो. त्या उभ्या लावल्या की वाकतात आणि हरवतात. बुटांच्या खोक्यांत किंवा अर्ध्या कापलेल्या पुठ्ठ्याच्या पेट्यांत, मुखपृष्ठ समोर करून ठेवा. बालभारतीच्या "किशोर"चे अंक (१९७१ पासून निघतात, त्यामुळे जुन्या शाळांत बरेच सापडतात) आणि दिवाळी अंक वर्षवार बांधा, वर वर्षाची चिठ्ठी लावा. हे बहुधा दाखल नोंदवहीत नसतात, म्हणून त्यांना जुळणीत धरू नका.

अकारविल्हे लावताना

फक्त कथा-कादंबरी विभाग लेखकाच्या आडनावाने अकारविल्हे लावा. बाकी विभाग इतके लहान असतात की गरज पडत नाही. "पु. ल. देशपांडे" द मध्ये जातात, प मध्ये नाही. टोपणनाव असेल तर शीर्षकपानावर जे छापलं असेल ते धरा. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर एकच, पण पुस्तकं दोन्ही नावांनी आहेत. म्हणून "शि" पाशी एक पुठ्ठ्याची पट्टी उभी करा: "कुसुमाग्रज – क मध्येही पाहा."

क्ष आणि ज्ञ कुठे? वर्णमालेत ते शेवटी म्हणतात, बऱ्याच शब्दकोशांत मात्र क्ष क मध्ये आणि ज्ञ ज मध्ये असतो. मुलांना वर्णमाला पाठ असते, म्हणून शाळेत शेवटी ठेवलेले बरे. श्र मात्र श मध्येच. यादी संगणकावर केलीत तर तो स्वतःच्या नियमाने लावतो, फळीशी ताडून पाहा.

चिठ्ठ्या

तीन सेंटिमीटर गुणिले दोनची पांढरी चिठ्ठी, वर विभागाचं अक्षर, मध्ये लेखकाचं पहिलं अक्षर, खाली दाखल क्रमांक: "क / दे / ७४२". कण्याच्या खालच्या टोकापासून तीन सेंटिमीटर वर, सगळ्यांवर एकाच उंचीवर. दोन भाग फेविकॉल आणि एक भाग पाणी, पातळ थर. पातळ पुस्तकाला मुखपृष्ठाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात. रंगाने विभाग ओळखायचे असतील तर चिठ्ठीवर रंगीत पेन्सिलीची पट्टी ओढा. रंगीत टेप उन्हाळ्यात चिकट होऊन पुस्तकं एकमेकांना धरते.

दुरुस्ती, जेवढी आपल्याला जमते तेवढी

सेलोटेप चार-पाच वर्षांत पिवळी पडते, तिचा चिकटा कागदात उतरतो आणि तो काढता येत नाही. फाटलेल्या पानाला एक सेंटिमीटर रुंदीची पातळ पांढऱ्या कागदाची पट्टी लावा. चिकटवायला खळ उत्तम: एक चमचा मैदा, सहा चमचे पाणी, गुठळ्या मोडून मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत शिजवायची, हे घरी मोठ्यांसमोर करा. त्याच दिवशी वापरा, उरलेली फेकून द्या. बाइंडर लोक खळीत मोरचूद घालतात, पण ते विषारी आहे, तुम्ही घालू नका. पट्टीच्या वर-खाली बटर पेपर ठेवून पुस्तक रात्रभर वजनाखाली ठेवा. सुटलेल्या एका पानाला आतल्या कडेला जेमतेम तीन मिलिमीटर फेविकॉल लावून जागेवर सरकवा. जास्त लावलं तर शेजारची दोन पानंही चिकटतात. शिवण तुटलेली, कणा निघालेली पुस्तकं सुतळीने हलकेच बांधून बाइंडरसाठी ठेवा. कणा फेविकॉलने भरून काढलेलं पुस्तक नंतर बाइंडरलाही उघडता येत नाही.

देवघेव

बहुतेक शाळांत देवघेव नोंदवहीत तारखेप्रमाणे ओळी भरतात. पुस्तक परत येतं तेव्हा ती ओळ चार पानं मागे गेलेली असते, कोणी शोधत नाही, आणि परत केलेलं पुस्तकही मुलाच्या नावावर राहतं. त्याऐवजी प्रत्येक तुकडीची एक वही करा, प्रत्येक मुलाला एक पान. ओळीत दिल्याची तारीख, दाखल क्रमांक, नाव, सही. परत आल्यावर त्याच ओळीत तारीख आणि घेणाऱ्याची आद्याक्षरं. एका वेळी एक पुस्तक, सात दिवस. पुढचं पुस्तक देताना मागची ओळ डोळ्यांसमोरच असते, त्यामुळे विसर पडत नाही.

परत आलेलं पुस्तक मुलांनी फळीवर ठेवायचं नाही, टेबलावरच्या टोपलीत ठेवायचं. फळीवर फक्त त्या दिवशीचे दोघे जण लावतील. चुकीच्या फळीवर गेलेलं पुस्तक हरवल्यातच जमा असतं. पाहायला काढलेल्या पुस्तकांनाही हाच नियम.

पुस्तक हरवलं तर दंड किती, बदली पुस्तक चालेल का, हे सरांनी ठरवायचं. मुलांनी मुलांकडून पैसे घेऊ नयेत.

सॉफ्टवेअर कधी

कोहा किंवा एनआयसीचं (केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचं) ई-ग्रंथालय ही ग्रंथालयासाठीची चांगली सॉफ्टवेअर आहेत, पण जुळणी झाल्याशिवाय त्यांकडे वळू नका. नोंदवहीतल्या चुका संगणकात गेल्या की दुरुस्त करायला दुप्पट वेळ लागतो. पहिली पायरी साधी: गूगल शीटमध्ये पाच रकाने, क्रमांक, नाव, लेखक, विभाग, फळी. मोबाइलने बारकोड वाचून माहिती भरायची कल्पना आकर्षक आहे, मात्र जुन्या मराठी पुस्तकांवर आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, बारकोडमध्ये असतो तो) क्रमांकच नसतो. ज्यांवर आहे त्यांवरही (भारतातले ९७८-८१ किंवा ९७८-९३ ने सुरू होतात) मराठी माहिती इंटरनेटवर पुष्कळदा मिळत नाही किंवा रोमन लिपीत मिळते. हातानेच लिहा.

वेळापत्रक आणि हवाली करणं

जून-जुलैत अर्ज आणि पहिलं कपाट, दिवाळीच्या सुट्टीआधी जुळणी पूर्ण, १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला हरवलेल्या पुस्तकांची यादी फलकावर लावून "घरी असेल तर आणून द्या" असं आवाहन, त्यात नाव विचारायचं नाही. पुष्कळ पुस्तकं अशीच परततात. नोव्हेंबर-डिसेंबरात विभाग आणि चिठ्ठ्या. जानेवारीनंतर नवं काही सुरू करू नका, दहावीचे वर्ग आणि परीक्षा यांत ते अर्धवट राहतं.

प्रत्येक कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद लावा: फळीवार विभाग आणि शेवटच्या पडताळणीची तारीख. नियमांची वही, शंभराचे तक्ते आणि बिनक्रमांकांची यादी एकाच फायलीत घालून ती सरांच्या हाती द्या. आठवीतले दोघे जण फेब्रुवारीत चार शनिवार सोबत घ्या. तिसऱ्या शनिवारपासून देवघेव त्यांना एकट्यांना करू द्या आणि तुम्ही फक्त शेजारी बसा. चौथ्या शनिवारी कोणतंही एक दाखल क्रमांकाचं पुस्तक त्यांना मागा. दोन मिनिटांत ते सापडलं नाही, तर कुठे अडलं ते पाहून नियमांच्या वहीतली ती ओळ त्याच दिवशी दुरुस्त करा.